अर्ध्या तासाचे पंधरा रुपये

फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं दुकान.
आता कव्हरं, काचा, चार्जर.
आधी इथं सहा कॉम्प्युटर होते,
प्लायवूडचे सहा खण
आणि एक वही : नाव, वेळ, सही.

वही मी टाकली नाही.
सगळ्यात जास्त वेळा तिच्यात
गुणाजी वळवईकर, राहणार दुर्भाट,
पाटबंधारे खात्यातून निवृत्त.
बुधवारी नि शनिवारी दुपारच्या बसने यायचे,
खिशात चार घड्यांचा फुलस्केप.
उत्तर घरून लिहून आणलेलं;
इथं फक्त उतरवायचं, एका बोटानं.

कुठं कुठं पांगलेली माणसं तेव्हा
खाजन शेतीवरून भांडायची :
मानशीची फळी कुठल्या लाकडाची,
खेकड्यांनी पोखरलेला बांध चिखलानं बुजवावा की दगडानं,
कोरगुट भात किती दिवस खारं पाणी सोसतं.
बाहरीनचा कुणी मिंगेल, कधी न भेटलेला,
गुणाजींना मुद्द्यामुद्द्यानं खोडून काढायचा.
ते चष्मा कपाळावर सारून वाचायचे,
म्हणायचे, "गाढव आहे.
पण वाचलंय मेल्यानं नीट."
मग तीन दिवस
उत्तर त्यांच्या पोटात शिजत राहायचं, उकड्या तांदळासारखं,
घाई न करता.

शेवंती गावडे त्याच दुर्भाटची.
माझ्या पायरीवर तांबडी भाजी लावते, तेव्हापासून.
आत आली नाही कधी,
सुट्टे मागायलासुद्धा बाहेरूनच हाक.
खणांची दारं बंद व्हायची,
बाईमाणसाला बरं दिसत नसे.
आणि आत येऊन करणार काय,
अक्षर येत नाही.

गेल्या वर्षी मुलाचा जुना फोन तिच्याकडे आला.
काच मीच बसवली.
बटण कुठलं दाबायचं, तेही मीच दाखवलं,
आणि भाजीच्या जुड्यांमधून ती गावाशी बोलू लागली :
"बांदाक भगदाड पडलां. सांजेची भरती.
फावडीं घेवन येयात."
सत्तावीस सेकंद. त्यात बसचा हॉर्न,
मध्येच कुणाला तरी, "धा रुपया जुडी, कमी ना."
गावच्या गटात दोनशे ऐंशी माणसं.
अकरा आली, फावड्यांसकट.
भरतीच्या आत बांध बुजला.

गुणाजींनी तो आवाज तीनदा ऐकला म्हणे.
चौथ्या दिवशी उत्तर टाकलं :
पोर्तुगीज काळातल्या बांधापासून सुरुवात,
चार फुलस्केप, फोनवर, एका बोटानं.
फोननं पहिल्या काही ओळी ठेवल्या,
बाकीचं घडी घालून आत सारलं.
वर लिहिलं : आणखी वाचा.

एका मिनिटात बारा अंगठे.
गुणाजी पाटबंधाऱ्याचे. हिशेब केला त्यांनी.
चार पानं एका मिनिटात
देवसुद्धा वाचणार नाही.
मग खाली कुणाच्या नातवाचा केक आला,
केकला एकेचाळीस.

शनिवारी दुपारच्या बसने ते दुकानात.
"ते 'आणखी वाचा' काढून टाक."
म्हटलं, भाऊ, ते माझ्या हातात नाही.
"मग कुणाच्या हातात आहे?"
मला सांगता आलं नाही.
मिंगेलचं विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं.
ती जागाच एक दिवस उघडली नाही,
वीस वर्षांच्या भांडणासकट.

ते पायरीवर टेकले.
शेवंती भाजीवर पाणी शिंपडत म्हणाली,
"म्हाका वाचूंक येना. सांगात मगे, कितें बरयलां?"

खिशातून फुलस्केप निघाला.
वाचू लागले, निवृत्त माणसाच्या आवाजात,
दुसऱ्या पानावर दगडाशी पोचले
आणि ती म्हणाली, "फातर न्हय.
चिखलांत तण घालचें. फातर खचता."

त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
"कोण म्हणतं?"
"हांव म्हणटां."

केव्हा तिनं बटण दाबलं, मी पाहिलं नाही.
माझ्या हातातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये
चार मिनिटं अकरा सेकंद येऊन पडली.
मी काचेखालचा बुडबुडा
कडेला ढकलत बसलो.
बाहेर ते दोघं अजून दगडावरच होते.